फेरतपासणीला निघण्याआधी: दिव्यांग सर्टिफिकेट आणि निराधारचं अनुदान

गावात ज्याला 'निराधारचे पैसे' म्हणतात ते अनुदान बंद पडलं की पहिला राग सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरवर निघतो. खरं पाहिलं तर पैसे अडतात ते बहुतेक वेळा उलटून गेलेल्या तारखेवर, नावातल्या एका अक्षरावर, नाहीतर आधारला जोडल्या गेलेल्या भलत्याच खात्यावर. अपंगत्व तिथेच असतं, कागद सरकलेला असतो. म्हणून फेरतपासणीची तयारी दवाखान्यात सुरू होत नाही. ती घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून सुरू होते.

आधी एक गोंधळ दूर करू. 'फेरतपासणी' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक दवाखान्याची: मुदतीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र संपत आलं की मेडिकल बोर्डापुढे पुन्हा जायचं आणि टक्केवारी नव्याने ठरवून घ्यायची. दुसरी तहसिलीची: संजय गांधी निराधार अनुदान योजनेतला माणूस हयात आहे का, उत्पन्न मर्यादेत आहे का, सर्टिफिकेट चालू आहे का, याची दर वर्षीची पडताळणी. बोर्डाचे डॉक्टर तुमचे पैसे बंद करत नाहीत आणि तहसीलदार टक्के वाढवत नाहीत. कोणतं काम कोणत्या खिडकीवरचं, एवढं पक्कं असलं तरी दोन-तीन चकरा वाचतात. यवतमाळ-गडचिरोलीकडे एक चकर म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी.

सर्टिफिकेट हातात घ्या आणि तारीख वाचा

सर्टिफिकेटवर टक्क्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याखालची ओळ मात्र कोणी वाचत नाही. तिथे अपंगत्व कायमचं आहे की तात्पुरतं, आणि तात्पुरतं असेल तर सर्टिफिकेट कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे लिहिलेलं असतं.

कायमचं असेल आणि स्वावलंबन पोर्टलवर (केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या साइटवर) नोंदलेलं असेल, म्हणजेच युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, निघालेलं असेल, तर स्वतःहून बोर्डाकडे जाऊ नका. 'टक्के वाढवून आणतो' म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या चहाटपरीवर सापडतो. त्याचं ऐकून गेलेल्यांचे टक्के कमी होऊन आल्याचंही घडतं, कारण मोजमाप पुन्हा पहिल्यापासून होतं. अपंगत्व खरोखर वाढलं असेल, म्हणजे दुसरा पाय गेला, नजर आणखी उतरली, तर जरूर जा. नुसत्या आशेवर जाऊ नका.

सर्टिफिकेट जुनं, हाताने लिहिलेलं असेल किंवा 2012 नंतर राज्याच्या सॅडम या संगणक प्रणालीतून निघालेलं असेल, तर नूतनीकरणाआधी ते पोर्टलवर चढवावं लागतं. युडीआयडीच्या अर्जातच जुनं सर्टिफिकेट जोडायची सोय आहे. दवाखाना ते पडताळतो, आणि पडताळणीत शंका आली तर तपासणीला बोलावतो. कार्डाचा रंगही बघून ठेवा: 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. नंबर 18 अंक-अक्षरांचा असतो. तो वहीत उतरवून ठेवा. कार्ड हरवतं, नंबर बदलत नाही.

मुलांच्या बाबतीत तारीख वयाला बांधलेली असते. बौद्धिक अक्षमतेत पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी सर्टिफिकेट नवं करावं लागतं. अध्ययन अक्षमतेत, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या अडचणीत, आठव्या वर्षी पहिलं, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी मिळालेलं जन्मभर चालतं. म्हणून ती शेवटची तपासणी हलक्यात काढू नये.

चार महिने आधी निघा, हंगाम बघून

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधला. त्याखालच्या नियमांत 2024 ला दुरुस्ती झाली आणि सर्टिफिकेट देण्यासाठीची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. म्हणजे दवाखान्याने नियमाप्रमाणे काम केलं तरी तीन महिने जाऊ शकतात. त्यात एखादा रिपोर्ट बाहेरून आणायला सांगितला की चौथा महिना लागतो. सर्टिफिकेट 31 मार्चला संपत असेल तर अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी झालेला हवा.

हंगामाचाही हिशेब करा. जूनच्या पेरणीत आणि जुलैच्या रोवणीत सोबत यायला कोणी मोकळं नसतं. कापूस वेचणीतही तेच. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाला बसमध्ये चार तास बसवणं म्हणजे शिक्षा आहे, अशा माणसाला घामही नीट येत नाही आणि ऊन लवकर बाधतं. भामरागड, सिरोंचा, धारणीकडच्यांना पावसाळ्यात नाले आडवे येतात. जिल्ह्याचं ठिकाण दीडशे-दोनशे किलोमीटर असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाणंच शहाणपणाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण सिकलसेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाने थंडीत पहाटेच्या उघड्या ऑटोतून जाऊ नये, गारव्याने दुखणं उसळतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करतात. सेतू केंद्रात किंवा गावच्या आपले सरकार केंद्रात तो भरून मिळतो. भरताना स्वतः शेजारी बसा. तीन जागी हमखास चूक होते: जन्मतारीख आधारपेक्षा वेगळी पडते, अपंगत्वाचा प्रकार चुकीचा निवडला जातो (21 प्रकार आहेत, केंद्रवाला पहिला दिसेल तो दाबतो), आणि दवाखाना दुसऱ्याच जिल्ह्याचा निवडला जातो. मोबाइल नंबर घरातल्याच कोणाचा तरी द्या. केंद्रवाल्याचा दिला तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात आणि दर वेळी त्याच्या दुकानात उभं राहावं लागतं. अर्ज करून दोन वर्षं दवाखान्याशी संपर्कच केला नाही तर तो अर्ज बाद धरतात, नवा भरावा लागतो.

नाव एकच करा

आधारवर 'गणपत नामदेव', रेशनकार्डावर 'गणपतराव', बँकेत नुसतं 'जी. एन.', आणि जुन्या सर्टिफिकेटवर घरचं नाव 'गनू'. गाव त्याला एकच माणूस समजतं, संगणकाला हे चार जण वाटतात. बायांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव हा आणखी एक घोळ.

उपाय असा: आधार हा मूळ कागद धरा. आधी आधारच बरोबर करून घ्या, मग बँक, मग रेशनकार्ड, आणि सर्टिफिकेटचा अर्ज शेवटी. उलट क्रमाने गेलात तर नवं सर्टिफिकेट चुकीच्या नावाने निघतं आणि ते दुरुस्त करायला पुन्हा दवाखाना. बोटं नाहीत, हात वाकडे आहेत, डोळ्याची बाहुली पकडत नाही, म्हणून आधार निघत नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. केंद्रवाल्याला नसेल माहीत तर 1947 या नंबरावर विचारता येतं. मुलांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटं-डोळे नव्याने देऊन अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं असेल तर इथेच उरकून घ्या.

कोणत्या प्रकाराला कोणते कागद

सगळ्यांसाठी: आधार, जुनं सर्टिफिकेट, युडीआयडी कार्ड, अर्जाची पावती, पासपोर्ट फोटो चार-पाच, रेशनकार्ड, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद पिशवीत वेगळे, झेरॉक्स वेगळ्या. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडून यायचे नाहीत.

यापुढे प्रत्येक प्रकाराचं वेगळं. हात-पाय, कणा, पोलिओ, अपघात यांत एक्स-रे, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद आणि आधीच्या उपचाराची फाइल लागते. डॉक्टर सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. म्हणून सैल कपडे घाला, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा कृत्रिम पाय काढता येईल असं बघा. अर्धांगवायू नुकताच झाला असेल आणि उपचार चालू असतील तर बोर्ड थांबायला सांगतो किंवा थोड्या मुदतीचं देतो.

डोळ्याचं मोजमाप चश्मा लावून, म्हणजे होईल तेवढी नजर सुधारून करतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन बाकी असेल तर आधी ते करा म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के बसतात. 40 होत नाहीत, कितीही खेटे घातले तरी. हे कोणी सांगत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडत राहतात.

कानाचं उलट आहे: यंत्र काढून मोजतात. ऑडिओमेट्री, म्हणजे किती आवाज ऐकू येतो याची चाचणी, करतात. लहान मूल किंवा सांगू न शकणारा माणूस असेल तर बेरा तपासणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्राने बघतात, ती झोपेत होते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बेराचं यंत्र चालू असेलच असं नाही. तेव्हा नागपूर, यवतमाळ, अकोला किंवा जवळच्या दुसऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. आधी फोन करून किंवा कोणाला पाठवून विचारून घ्या. तपासणीच्या आठवडाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कानातला मळ काढून घ्यावा. मळाने भरलेल्या कानाची तपासणी परत करायला लावतात.

सिकलसेल हा विदर्भाचा घरचा विषय. 2016 च्या कायद्याने तो अपंगत्वाच्या यादीत आला, पण फक्त आजार, वाहक (ज्याच्या रक्तात दोष आहे पण आजार नाही तो) नव्हे. रिपोर्टवर 'एएस' असेल तर तो वाहक, त्याला सर्टिफिकेट मिळत नाही. 'एसएस' किंवा सिकल-बीटा थॅलेसेमिया असेल तर मिळतं. नुसती सोल्युबिलिटीची, म्हणजे पहिली चाळणीची, चाचणी चालत नाही, रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट हवा. त्यासोबत किती वेळा भरती झाले, किती बाटल्या रक्त चढलं, हाडाच्या सांध्याला काय झालं, याचे कागद. इथेच लोक मार खातात. रात्री ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावून सकाळी घरी आले, कागद तिथेच राहिला. बोर्डापुढे तो झटका आलाच नव्हता. प्रत्येक भरतीचा डिस्चार्ज कागद मागून घ्यायची सवय आजपासून लावा. सर्टिफिकेट मुदतीचं असतं, म्हणजे हे कागद पुन्हा लागणार.

मानसिक आजारात बोर्ड चार गोष्टींना गुण देतो: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. शिवाय आजार किती काळाचा आणि गेल्या दोन वर्षांत किती दिवस होता, हेही धरतात. त्यामुळे मागच्या दोन वर्षांच्या उपचाराच्या चिठ्ठ्या सलग लावून न्या. मधले सहा महिने चिठ्ठीच नसेल तर त्या काळात माणूस बरा होता, असा अर्थ निघतो. मांत्रिकाकडे गेलेला काळ कागदावर येत नाही.

एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर सगळे प्रकार अर्जात नोंदवा. पण बेरीज सरळ होत नाही हे ध्यानात ठेवा. पायाचे 50 आणि कानाचे 30 मिळून 80 होत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा एक भाग मिळवतात: 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं. इथे 40 गुणिले 30, भागिले 90, म्हणजे 13. एकूण 63 टक्के. बोर्डाने खाल्ले नाहीत, सूत्रच असं आहे.

बोर्डापुढे काय बोलायचं: दहा दिवसांची वही

बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यंकाच्या चाचणीबरोबर आईबापाला प्रश्न विचारून एक तक्ता भरतात. म्हणजे मुलाला किती टक्के मिळणार, हे बऱ्याच अंशी तुमच्या उत्तरांवर ठरतं. सौम्य असेल तर 50, मध्यम 75, तीव्र 90, अतितीव्र 100. आणि नेमकं इथे आई काय करते? परक्या माणसापुढे पोराला कमी दाखवायला तिची जीभ वळत नाही.

"जेवतो का हाताने?"
"हो, जेवते ना सर."

खरं काय असतं? ती वरण-भात कालवते, घास करून ताटाच्या कडेला ठेवते, तो दोन घास खातो, तिसरा सांडतो, मग ती भरवते. जेवणाला पाऊण तास लागतो. 'जेवते' या एका शब्दात तो पाऊण तास हरवतो. पायाने अधू असलेला बापही असंच म्हणतो, "चालतो थोडंफार, भागून जाते." वऱ्हाडी माणसाला रडगाणं गायला लाज वाटते. बोर्डापुढे ही लाज महागात पडते.

म्हणून जायच्या आधी दहा दिवस एक वही ठेवा. शाळकरी पोराची जुनी वहीसुद्धा चालेल. रोज चार-पाच ओळी पुरे, अशा:

'सोमवार. पहाटे संडासला दोघांनी धरून नेलं. आंघोळ आईने घातली. शर्टाची बटणं लागत नाहीत. दुपारी एकटा असताना खाटेवरून पडला, कोपर खरचटलं. रात्री तीनदा उठवावं लागलं.'

'मंगळवार. आज बरा होता. अंगणात काठी घेऊन दोन फेऱ्या मारल्या. नंतर संध्याकाळपर्यंत पाय सुजला.'

चांगला दिवसही लिहा. सगळे दिवस वाईट लिहिलेली वही कोणाला खरी वाटत नाही. कोणती गोष्ट एकट्याने होते, कोणती कोणी हात दिल्यावर होते, आणि कोणती मुळीच होत नाही, हे तीन भाग मनात स्पष्ट ठेवा. करून झाल्यावर किती दुखतं आणि किती वेळ लागतो, तेही सांगा. डॉक्टर वही वाचतीलच असं नाही, पण वही लिहिलेला माणूस विचारल्यावर अडखळत नाही.

वाढवून सांगू नका. डॉक्टर सांधे वाकवून बघतात, लक्ष दुसरीकडे असताना चालताना बघतात, आणि एक खोटं पकडलं की बाकीचं खरंही पडतं. फसवणूक करून सवलत घेतली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गोळ्या बंद करून जास्त आजारी दिसायचा सल्लाही काही शहाणे देतात. फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं, ते अजिबात करू नये.

बोर्डाचा दिवस

बोर्ड रोज बसत नाही. प्रत्येक दवाखान्याचे वार ठरलेले असतात, आणि कान, डोळा, मानसिक यांचे वार वेगळे असू शकतात. अमुक डॉक्टर रजेवर असला तर तो विभाग त्या दिवशी होत नाही. गावच्या आशाताईकडून किंवा ग्रामीण रुग्णालयातून आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

सकाळी नऊच्या आत पोचलं पाहिजे. आधी नोंदणी, मग त्या-त्या विभागाची ओपीडी, मग एक्स-रे किंवा चाचणी, मग बोर्ड. एका दिवसात सगळं होईल असं धरून चालू नका. दारातच चाकाची खुर्ची मागून घ्या, आत गेल्यावर ती मिळत नाही. सोबत एक माणूस रांगेत उभा राहणारा आणि एक रुग्णाजवळ बसणारा, असे दोघं असले तर उत्तम. बाईची तपासणी असेल तर सोबत बाईच असावी. भाकरी, पाणी, रोजच्या गोळ्या, एक चादर, आणि गरज असेल तर जास्तीचे कपडे. सिकलसेलवाल्याने रांगेत पाणी पीत राहावं, लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नये.

एसटीत 40 टक्के आणि वर असलेल्याला 75 टक्के सवलत आहे, 65 टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपली असेल तर कंडक्टर सवलत नाकारतो. उशीर केल्याचा हा पहिला फटका.

निघताना विचारायचा एकच प्रश्न: "पुढचं काय, आणि कधी?" रिपोर्ट बाकी असेल तर त्याचं नाव कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

टक्के कमी आले तर

बहुतेक सवलती आणि योजनांसाठी 40 टक्के ही पहिली पायरी. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला 80 लागतात. आकडा कमी वाटला तर आधी सर्टिफिकेटवर निदान आणि अवयव बरोबर लिहिलाय का बघा. डाव्या पायाऐवजी उजवा पडणं, दोनपैकी एकच अपंगत्व नोंदलं जाणं, असं होतं. ती चूक त्याच दवाखान्यात दुरुस्त होते.

चूक नसेल आणि निर्णयच मान्य नसेल तर त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. अपील कुठे आणि किती दिवसांत, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून लेखी मागा, आणि ते मागायला महिना घालवू नका. अपिलात नवा पुरावा असला पाहिजे: राहून गेलेला रिपोर्ट, दुसऱ्या शासकीय दवाखान्याचा तपशील. 'शेजाऱ्याला 60 दिले, मला 40' हा मुद्दा होत नाही.

तहसिलीची बाजू

नवं सर्टिफिकेट आलं म्हणजे काम संपलं असं समजून लोक ते पेटीत ठेवतात. तहसिलीला ते आपोआप कळत नाही. संजय गांधी शाखेत झेरॉक्स आणि एक साधा अर्ज द्या: नाव, गाव, युडीआयडी नंबर, 'जुन्या प्रमाणपत्राची मुदत अमुक तारखेला संपली, नवीन जोडले आहे'. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. बाबू घेत नसेल तर तोच अर्ज तहसीलदारांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

हयातीच्या पडताळणीसाठी साधारण जानेवारी ते मार्च हा काळ असतो. त्या काळात स्वतः हजर राहायचं असतं. माणूस अंथरुणावरून हलूच शकत नसेल तर तसं आधीच अर्जाने कळवा आणि घरी येऊन पडताळणी करायची विनंती करा. 31 मार्चनंतर कळवलं तर एप्रिलपासून नाव थांबलेलं असतं.

उत्पन्नाचा दाखला हा दुसरा खड्डा. या योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवं, बाकी निराधारांसाठी ही मर्यादा 21,000 आहे. पटवारी (आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात पटवारीच) कधी अंदाजाने ठोकळ 60,000 टाकून देतो आणि त्या एका आकड्यावर अर्ज पडतो. चौकशीच्या वेळी मजुरीचे दिवस आणि कोरडवाहू शेताचा खर्च वजा जाता हाती आलेले पैसे यांचा खरा हिशेब समोर ठेवा. दाखला हाती आल्यावर आकडा आणि मुदत जागेवरच वाचा.

अनुदान ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी महिन्याला 2,500 रुपये झालं, आधी 1,500 होतं. तुम्हाला अजून 1,500 च येत असतील तर तहसिलीत विचारा की यादीत तुमची नोंद कोणत्या प्रकारात आहे. दिव्यांग बाई जर विधवा म्हणून योजनेत आली असेल तर तिची नोंद तशीच राहिलेली असू शकते. सर्टिफिकेट देऊन ती बदलून घ्यावी लागते. 65 वर्षं पूर्ण झाली की माणूस श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेत जातो. त्या बदलात एखादा हप्ता चुकला तर घाबरू नका, पण तीन महिने वाटही बघू नका.

मूल 18 वर्षांचं झालं की त्याच्या नावाचं खातं आणि त्याचं स्वतःचं आधार लागतं. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असेल आणि बँक 'सही कोण करणार' म्हणून अडवत असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं. आईबाप जिवंत असले तरी ते लागतं, 18 नंतर ते कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत.

पैसे थांबले की कुठे बघायचं

पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. खात्याला आधार नंबर देणं वेगळं, आणि 'अनुदान याच खात्यात यावं' अशी जोडणी वेगळी. अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेची राहते, आणि सगळ्यात शेवटी केलेली चालते. बाजारात सिम घेताना कोणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, की अनुदान तिकडे वळू शकतं. म्हातारा जुन्या पासबुकात नोंद मारून मारून थकतो, पैसे तिकडे साचत असतात. माय-आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग'ची स्थिती पाहिली की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर हवा, ओटीपी तिथेच येतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बँक जोडणी बघा, मग खात्याची केवायसी, मग तहसिलीत नाव चालू आहे की थांबवलंय, आणि थांबवलं असेल तर कोणत्या कारणाने, ते लेखी. कारण लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. 'माझ्या अर्जावर काय कारवाई झाली आणि अनुदान कोणत्या आदेशाने थांबवलं' एवढीच ओळ पुरते. थांबलेल्या महिन्यांचे पैसे मागायचे असतील तर तो वेगळा अर्ज करा, त्यात महिने मोजून लिहा.

सर्टिफिकेटची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीतही द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाच्या यादीत ज्याचं चालू सर्टिफिकेट नसतं, त्याचं नाव त्या वर्षी राहून जातं. आणि नव्या सर्टिफिकेटवर पुढची तारीख असेल तर तिच्या चार महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, नाहीतर फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. कॅलेंडर दर वर्षी बदलतं, फडताळ बदलत नाही.